चष्म्यावरचा चष्मा

दिवाळीची सुट्टी संपवून मुले-नातवंडे शहरात परतली की आमच्या हिंगोली जिल्ह्यातील पुष्कळ घरांत शहरातली एखादी वस्तू मागे राहते. पुण्यास किंवा छत्रपती संभाजीनगरास नोकरीला असलेला मुलगा स्वतःसाठी अधिक मोठा टीव्ही घेतो आणि जुना, परंतु उत्तम चालणारा संच आई-वडिलांच्या सोबतीला गावी लावून देतो. त्यांपैकी काही संच त्रिमितीय चित्र दाखवणारे, म्हणजे थ्रीडी असतात. सॅमसंगने असे संच काढणे २०१६ साली थांबवले, एलजी व सोनी यांनी २०१७ साली. शहराच्या दृष्टीने ही कथा तेव्हाच संपली. आमच्याकडे ती अद्याप चालू आहे. खोक्यात दोन-तीन काळे चष्मेही निघतात, नातू जाण्यापूर्वी आजी-आजोबांच्या डोळ्यांवर ते चढवून देतो, आणि पुढच्या आठवड्यात आजोबा माझ्या दवाखान्यात बसलेले असतात.

तक्रार बहुधा एकाच साच्याची असते. डोळे ओढल्यासारखे होतात, कपाळ जड पडते, किंचित मळमळते, मधूनच एकाचे दोन दिसते. त्यापाठोपाठ खरा प्रश्न येतो: “डाक्टरसाहेब, यानं नजर तर जाणार नाही?” या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. अशा चित्रामुळे प्रौढ माणसाची नजर जाते असा पुरावा नाही. चष्मा उतरवला, डोळे मिटून थोडे स्वस्थ बसले, की अर्ध्या-एक तासात हा त्रास ओसरतो. जो त्रास त्यानंतरही ओसरत नाही, त्याचे कारण मात्र टीव्हीत शोधू नये. आजचा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या त्रासासाठी आहे आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे. परंतु तत्पूर्वी हे चित्र डोळ्यांना का शिणवते ते पाहू.

उजव्या हाताची तर्जनी नाकासमोर वीतभर अंतरावर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट जागचे हलल्यासारखे दिसेल. आपल्या दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरांचे अंतर असते, म्हणून प्रत्येक डोळ्यास किंचित निराळे चित्र मिळते, आणि या दोन चित्रांतील फरकावरून मेंदू वस्तूचे अंतर ठरवतो. इंग्लंडमधील चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ साली आरशांच्या साहाय्याने दोन डोळ्यांस दोन वेगळी रेखाटने दाखवून हे सिद्ध केले. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी व्ह्यू-मास्टर नावाचे खेळणे डोळ्यांस लावून ताजमहाल किंवा हत्ती उठावदार पाहिला असेल. त्याचेही तत्त्व हेच. थ्रीडी टीव्ही दोन्ही चित्रे एकाच पडद्यावर दाखवतो आणि कोणते चित्र कोणत्या डोळ्यात जावे याची निवड तो काळा चष्मा करतो.

अडचण इथून पुढे सुरू होते. जवळची वस्तू पाहताना आपले डोळे दोन कामे एकदम करतात. दोन्ही डोळे नाकाकडे वळतात आणि डोळ्यातले भिंग जवळच्या अंतरावर स्थिर होते. जन्मापासून ही दोन कामे जोडीने चालत आलेली असतात. पडद्यातून चेंडू आपल्या अंगावर येतो तेव्हा डोळे त्या भासमान चेंडूकडे वळतात. भिंगाला मात्र सहा-सात फुटांवरच्या पडद्यावरच नजर रोखून ठेवावी लागते, कारण प्रकाश तेथूनच येत असतो. नांगराच्या जोडीतला एक बैल पुढे ओढतो आणि दुसरा जागेवर थांबतो, तशी ही स्थिती. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रयोगांनी दाखवले की या विसंगतीनेच डोळे थकतात आणि दिसण्याची अचूकताही उणावते.

येथे ज्येष्ठ वाचकांसाठी एक अनपेक्षित गोष्ट आहे. चाळिशीनंतर भिंगाची लवचीकता घटू लागते आणि साठीच्या सुमारास जवळजवळ संपते. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवले असेल तर ती मुळीच उरत नाही. म्हणजे जोडीतल्या एका बैलाने ओढणेच सोडलेले असते. त्यामुळे या विशिष्ट ओढाताणीचा त्रास म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांना अधिक होतो, आणि निरीक्षणातही तसेच आढळले आहे. मग ज्येष्ठांचे डोळे कशाने दुखतात? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोन डोळ्यांतील असमानतेने.

कळमनुरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक माझे जुने रुग्ण आहेत. वय ७१. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू शिबिरात काढला होता. डाव्याची तारीखही मिळाली होती, परंतु आधी सोयाबीन निघायचे होते, नंतर हळद शिजवायची होती, आणि असे करता करता दीड वर्ष गेले. मुलाने थ्रीडी टीव्ही आणल्यावर ते चिरंजीवांवरच रागावून माझ्याकडे आले. म्हणाले, “ह्या डब्यातली माणसं पाण्यात तरंगल्यासारखी दिसतात, आन् डोकं उठतं.” मी त्यांना दवाखान्याच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी एकेका डोळ्याने वाचण्यास सांगितले. उजव्या डोळ्याने त्यांनी नक्षत्रासह वाचून दाखवले. डाव्याने त्यांना दिनदर्शिकेचा चौकोन दिसला, अक्षर एकही नाही. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळा कारभार सांभाळून नेत होता, त्यामुळे दुसरा किती मंदावला आहे हे त्या हुशार माणसाच्याही ध्यानात आले नव्हते. थ्रीडीचा चष्मा दोन्ही डोळ्यांकडून समान काम मागतो, म्हणून ते उघडकीस आले.

याचा संबंध टीव्हीपुरता राहत नाही. मंद डोळ्याकडून मेंदूला निरोप किंचित उशिरा पोहोचतो. कार्ल पुलफ्रिक या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ साली या परिणामाचे विवरण केले. त्यांची एक डोळ्याची नजर आधीच गेलेली असल्यामुळे हा परिणाम त्यांना स्वतःला कधी पाहता आला नाही, ही त्यातली एक खंत. एका डोळ्यावर काळी काच धरून झोपाळ्याकडे बाजूने पाहिले तर तो सरळ न झुलता गोलाकार फिरतो असे भासते. गुरुजींच्या डाव्या डोळ्यावर निसर्गानेच काळी काच बसवली होती. अशा माणसाला डावीकडून उजवीकडे जाणारी मोटारसायकल आहे त्याहून लांब असल्यासारखी वाटू शकते. मी त्यांना रस्ता ओलांडण्याविषयी विचारले तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले. बसस्थानकासमोर दोनदा थोडक्यात वाचल्याचे त्यांनी घरी सांगितलेच नव्हते. त्यांचा दुसरा डोळा पुढे मार्चमध्ये झाला, हळद शिजवून झाल्यावरच.

तेव्हा काळजीवाहकांनी, थ्रीडी असो वा नसो, घरातील ज्येष्ठांची ही साधी परीक्षा महिन्यातून एकदा करावी. तळहाताने एक डोळा झाकावा, दाबू नये. लांबचा चष्मा लावूनच करावी. दिनदर्शिका समोर धरून आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने वाचायला लावावे. “दिसतं का?” असे विचारू नका. आपल्याकडची वडीलधारी माणसे त्याला ‘दिसतं की’ हेच उत्तर देतात. आजची तिथी वाचून दाखवा, असे म्हणा.

बाकीची कारणे लहान आहेत, पण त्रास पुरेसा देतात. आमच्याकडे ज्येष्ठ माणूस टीव्ही पाहतो तो बाजेवर कुशीवर पडून, हाताची उशी करून. साध्या चित्राला ते चालते. थ्रीडीची दोन चित्रे मात्र डोळे आडव्या रेषेत आहेत असे गृहीत धरून काढलेली असतात. मान कलंडली की एक डोळा वर आणि दुसरा खाली जाऊन चित्रे जुळत नाहीत, शिवाय काही चष्म्यांतून एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात झिरपू लागते. अशा स्थितीत दहा मिनिटांत डोके धरणारच. टक लावून पाहताना पापण्यांची उघडझापही निम्म्याहून खाली येते. म्हातारपणी डोळ्यांतला ओलावा आधीच घटलेला असतो, त्यात वर पंखा चालू असेल तर डोळे चुरचुरतात. काही संचांत साध्या मालिकेचेही थ्रीडी रूपांतर करण्याची सोय असते. नातू ती चालू करून जातो आणि ती बंद कशी करायची ते कोणाला ठाऊक नसते. ते रूपांतर यंत्राच्या अंदाजाने होत असल्याने बरेचदा चुकीचे असते. रिमोटवरून ती सोय आधी बंद करून घ्या. निम्म्या तक्रारी तेथेच मिटतात, असे मला तरी आढळले आहे.

मळमळ आणि चक्कर यांचे कारण निराळे आहे. डोळे सांगतात की आपण हलत आहोत, आणि कानातील तोल सांभाळणारे अवयव सांगतात की आपण बाजेवर बसलो आहोत. एस.टी.मध्ये पोट ढवळते त्याचीच ही उलटी बाजू. ज्येष्ठांच्या बाबतीत मला उलटीपेक्षा पडण्याची धास्ती अधिक वाटते. सॅमसंगने २०१० साली दिलेल्या सूचनापत्रात वृद्धांनी थ्रीडी पाहणे टाळावे असे म्हटले होते. त्यावर अनेकांनी थट्टा केली. मला ती सावधगिरी अगदीच अस्थानी वाटत नाही. काळा चष्मा निम्म्याहून अधिक प्रकाश अडवतो. तो डोळ्यांवर तसाच ठेवून रात्री लघवीला उठलेली व्यक्ती उंबऱ्याला अडखळते, आणि त्यात वीज गेली तर विचारायलाच नको. खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाचे पुढले वर्ष कसे जाते हे ज्यांनी घरात पाहिले आहे त्यांना अधिक सांगावे लागत नाही. पायांवर उभे राहण्यापूर्वी चष्मा काढावा आणि दोन मिनिटे बसून राहावे.

आता ती चूक. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, हिवाळ्यातली. सेनगाव तालुक्यातील एका कुटुंबातून रात्री साडेनवाच्या सुमारास मला फोन आला. मुलगा बोलत होता. “डाक्टरसाहेब, माईचं डोकं लई दुखायलंय. उजवा डोळा धरून बसली. उलटी बी झाली एक. संध्याकाळपासून ते पोरांचं थ्रीडी पाहत होती.” मी थ्रीडी हा शब्द ऐकला आणि मनाने पुढचे ऐकणे थांबवले. टीव्ही बंद करा, तापाची गोळी द्या, झोपू द्या, सकाळी घेऊन या, असे सांगून मी फोन ठेवला. दिव्याभोवती रंगीत कडी दिसते असेही त्या मुलाने म्हटले होते. ते मला दुसऱ्या दिवशी आठवले.

सकाळी माई आल्या तेव्हा उजवा डोळा लालबुंद होता. डोळ्याचा काचेसारखा भाग वाफ धरल्यासारखा धुरकट झाला होता. बाहुली मोठी होऊन तशीच थांबली होती, विजेरीच्या प्रकाशातही आकसत नव्हती. मिटल्या पापणीवरून दोन्ही बोटांनी चाचपले तर तो डोळा दुसऱ्याच्या मानाने गोटीसारखा टणक लागला. हा बंद कोनाचा काचबिंदू होता, तोही अकस्मात आलेला. मी डोळ्यातला दाब उतरवणारी गोळी देऊन त्यांना तत्काळ नांदेडला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डोळ्यातला दाब साधारण १० ते २१ असतो. त्यांचा ५० च्या वर गेला होता.

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असते आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या कडेला असलेल्या चिंचोळ्या कोनातून ते बाहेर पडते. ज्यांचा डोळा आकाराने लहान असतो, ज्यांना तरुणपणापासून अधिक क्रमांकाचा, वस्तू मोठी दाखवणारा चष्मा असतो, त्यांच्यात हा कोन मुळातच अरुंद असतो. वयोमानाने भिंग जाड होते आणि तो आणखी आवळतो. स्त्रियांमध्ये हे अधिक आढळते. अंधारात बाहुली मोठी होते, रंगीत पडदा कडेला गोळा होतो, आणि एखाद्या क्षणी वाट पूर्ण बंद पडते. त्या संध्याकाळी चित्र ठसठशीत दिसावे म्हणून मुलांनी खोलीतला दिवा मालवला होता. माईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. शिवाय दोन दिवस त्या दुकानातून आणलेली सर्दीची गोळी घेत होत्या, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांत बाहुली मोठी करणारे घटक असतात. गाडी लागू नये म्हणून घेतात त्यांपैकी काही गोळ्यांचाही हाच गुण आहे, म्हणून थ्रीडीने मळमळले की ती गोळी परस्पर देण्याचा प्रकार मला पसंत नाही. थ्रीडीने माईंचा डोळा बिघडवला असे म्हणता येणार नाही. अंधाऱ्या खोलीत बसून साधा चित्रपट पाहतानाही हे घडले असते. थ्रीडीने इतकेच केले की, आम्हा सर्वांना एक सोपे कारण हातात दिले.

नांदेडला दाब उतरवून दोन्ही डोळ्यांत लेझरने बारीक छिद्र केले गेले, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळाली. डावा डोळा त्यामुळे सुरक्षित राहिला. उजव्या डोळ्याने त्यांना आता समोर माणूस उभा आहे एवढे कळते, चेहरा ओळखू येत नाही. मज्जातंतू मेला की तो परत येत नाही. रात्रीच त्या नांदेडला पोहोचल्या असत्या तर किती नजर वाचली असती हे मी निश्चित सांगू शकत नाही. मुलाने मला कधी बोल लावला नाही. उलट वर्षानुवर्षे तो हेच सांगत असतो की टीव्हीनेच माईचा डोळा गेला, आणि प्रत्येक वेळी मला त्याला थांबवून खरे काय ते सांगावे लागते.

त्या दिवसापासून रात्री डोळ्याच्या तक्रारीचा फोन आला की मी काही प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवत नाही, आणि आपल्या डॉक्टरांनी ते विचारले नाहीत तर आपण होऊन सांगावे अशी माझी विनंती आहे. दुखणे एकाच डोळ्यात आहे की दोन्ही? शिणलेले डोळे बहुधा दोन्ही शिणतात. तो डोळा झाकला आणि मग दुसरा झाकला, तर एका बाजूची नजर धूसर आहे का? दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसतात का? डोळा लाल आहे का, उलटी झाली का, चष्मा काढून तास उलटला तरी वेदना वाढतेच आहे का? यांतील दोन-तीन गोष्टींना होकार असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ ला फोन करावा. झोपेची गोळी देऊ नये.

दुसरी तातडीची खूण म्हणजे चष्मा काढल्यावरही राहणारी दुहेरी दृष्टी. एक डोळा झाकताच दुसरे चित्र नाहीसे होत असेल, तर डोळे वळवणारे स्नायू किंवा त्यांच्या नसा यांपैकी कशात तरी बिघाड आहे. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांत अशी नस अचानक कमजोर पडते. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही सोबत असेल तर तो पक्षाघाताचा आरंभ असू शकतो आणि तेथे मिनिटे मोलाची असतात.

एवढे पाहून झाले आणि डोळे समान व निरोगी आहेत असे ठरले, तर आजी-आजोबांनी थ्रीडीची हौस खुशाल पुरवावी. लांबचा चष्मा लावून त्यावर काळा चष्मा घालावा, वाचण्याचा चष्मा नको. दुभिंगी चष्मा असेल तर टीव्ही डोळ्यांच्या उंचीवर असावा, नाहीतर हनुवटी वर करून मान अवघडते. चाळीस इंची संचापासून सहा ते आठ फूट दूर, पाठ टेकून सरळ बसावे. पाठीमागे एक मंद दिवा जळता ठेवावा. विजेरीवर चालणारे चष्मे असतील तर जुन्या नळीच्या दिव्याखाली ते लुकलुकतात, तेथे एलईडी दिवा बरा. अर्धा तास पुरे, मग उठून अंगणात जावे. अपस्मार असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. नातवंडांविषयी विचाराल, तर फ्रान्सच्या आरोग्य-सुरक्षा संस्थेने २०१४ साली सहा वर्षांखालील मुलांना थ्रीडी दाखवू नये आणि तेरा वर्षांपर्यंत बेताने दाखवावे असे सुचवले आहे. मीही तेच सांगतो.

हल्ली संच मागे पडून तोंडावर बांधण्याच्या पेट्या आल्या आहेत. डोळ्यांसमोर पेटी बांधली की घरबसल्या देवदर्शन घडते म्हणतात. त्यातही दोन डोळ्यांस दोन चित्रे हेच तत्त्व आहे, पण भोवतालचे सगळे जग झाकले जात असल्याने तोल अधिक लवकर जातो. ज्येष्ठांनी ती बसूनच लावावी, हात असलेल्या खुर्चीत, आणि जवळ कोणीतरी असावे.

माई अजून टीव्ही पाहतात, काळ्या चष्म्याशिवाय, दिवा लावून. दर सहा महिन्यांनी त्या डाव्या डोळ्याचा दाब तपासून घेण्यास नांदेडला जातात आणि परतताना तपासणीचा कागद मला दाखवून जातात. मागल्या खेपेस तो १४ होता.

पुढील अंकात मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे परिणाम पाहू.